ज्या देशातून फोन येतो

“माणसाचा पासपोर्ट काढून घेतात म्हणजे काय, भिया? ढोरं आहेत का ती, दावणीला बांधायला?” बँकवाले ओरडत होते, आणि ओरडण्याच्या भरात त्यांच्या पोह्यांवरची शेव माझ्या चहात पडत होती. “असल्या देशावर बहिष्कार टाका. तेल बंद, धान्य बंद, सगळं बंद. मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात.”

देवासला देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी पोहे-जलेबीचं एक दुकान आहे. त्याच्या बाहेरच्या बाकावर बसून आम्ही रोज सकाळी जगाचा निकाल लावायचो. त्या दिवशी एका बेटाची पाळी होती. ते बेट कोणत्या समुद्रात आहे यावर आमचं एकमत नव्हतं, आणि त्याचं नाव प्रत्येक जण आपापल्या दातांच्या सोयीनं घेत होता. पण तिथले मालक बाहेरून आलेल्या मजुरांचे पासपोर्ट कुलपात ठेवतात, अशी बातमी पेपरात आली होती. बेटाला फासावर चढवायला आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

बँकवाले म्हणजे मॅनेजर होऊन रिटायर झालेले गृहस्थ. समोरच्याचा अर्ज नामंजूर करताना जो चेहरा करायचा असतो, तो त्यांनी घरी येतानाही उतरवला नाही. दुसरे गुरुजी. सरकारी शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले, जग बुडायला लागलं तरी आधी बशी पुसून बाजूला ठेवतील असे. तिसरा मी. आणखी दोघं-तिघं यायचे-जायचे, त्यांना मत नव्हतं, फक्त भूक होती.

मी मूळचा धारचा. आमचे पणजोबा दरबारात राजावर मोरपिसांचं मोरचेल वारायचे. एकदा त्यांनी अशा काही जोरानं वारलं, की मांडूवरचे ढग हलून महूला पाऊस पडला. घरात ही गोष्ट सगळे सांगतात, मी त्यात फक्त महू घातलं. नोकरी केली पीथमपूरला, कारखान्यात. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय तिथं लागली ती लागलीच. देवासला आलो ते बायकोच्या माहेरच्या घरात राहायला. ती गेली, घर राहिलं, आणि घराबरोबर मी राहिलो. मूलबाळ नाही. संध्याकाळी मी मोबाईल कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावायचो. तिथली मुलगी शेवटी विचारते, “और कोई सहायता, सर?” हे वाक्य ऐकण्यासाठी मी माझ्या फोनला असे असे रोग जडवले, की त्या कंपनीच्या इंजिनिअरांनी ते ऐकले असते तर कंपनी बंद करून हरिद्वार गाठलं असतं. भाजी मी पावशेराच्या वर कधी घेतली नाही. जास्त घेतली तर दुसऱ्या दिवशी बाजारात जायला कारण उरत नाही.

तर त्या बाकाचा एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण दरबाराचे हुकूमसुद्धा कुणी इतक्या इमानानं पाळले नसतील. कायदा असा: ज्या देशातून आपल्यापैकी कुणाच्या घरी व्हिडिओ कॉल येतो, त्या देशाविरुद्ध ब्र काढायचा नाही.

सुरुवातीला आमच्यापुढं अख्खं जग मोकळं पडलं होतं. मग कुणाचा जावई कॅनडाला गेला, कॅनडा हातचा गेला. कुणाची भाची जर्मनीत शिकायला गेली, जर्मनीला मागचंपुढचं सगळं माफ. असं करत करत झोडपायला उरले ते देश, जिथं आपल्या पोरांना कुणी नोकरी देत नाही. त्यांना मात्र आम्ही सोलून काढायचो.

बँकवाल्यांचा मुलगा आधी अमेरिकेत होता. तोपर्यंत अमेरिका म्हणजे लोकशाहीची जन्मदात्री. तिथं कुणाला पोलिसांनी रस्त्यात आडवं पाडून मारलं तर बँकवाले म्हणायचे, “मोठा देश आहे, होतं कधीकधी.” मग कंपनीनं मुलाची बदली आखातातल्या एका देशात केली. सामान अजून विमानातही चढलं नसेल, तोवर अमेरिकेत काळ्या लोकांवर किती अन्याय होतो हे बँकवाल्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा जीव तुटायला लागला. आणि आखातातला तो देश, जिथं राजाविरुद्ध बोललेला माणूस परत दिसत नाही असं ते स्वतःच सांगायचे, तिथं आता शिस्त होती. “रस्ते बघा, काच. सोनं अंगावर घालून बाई रात्री फिरते.”

हसायचं नाही. या गावाला ते नवीन नाही. देवासला एकेकाळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, आणि रस्त्याची एक बाजू यांची, दुसरी त्यांची. माझे सासरे सांगायचे, अलीकडं कोंबडी चोरली आणि पळत रस्ता ओलांडला की चोराचा पाहुणा व्हायचा, पलीकडचे त्याला पाणी विचारायचे. कोंबडीला कुणी विचारत नव्हतं.

मला वाटतं, जगातले मोठे देशही असाच एक बाक टाकून बसलेले असणार. ज्याच्याकडून तेल घ्यायचं, ज्याला विमानं विकायची, त्याच्या तुरुंगाबद्दल ते ‘चिंता’ व्यक्त करतात, तीही दबक्या आवाजात. ज्याच्याशी घेणं नाही देणं नाही, त्याचा कडक शब्दांत निषेध. तुरुंग तोच, कोठडी तीच, आत मार खाणारा माणूसही तसाच. बदलतं ते गिऱ्हाईक. आणि बाहेरच्या कुणी आपल्या देशाबद्दल दोन ओळी लिहिल्या, की आमचा बाक एका दिलानं उभा राहायचा: आधी स्वतःच्या घरात बघा म्हणावं. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांनी आपल्या घरात बघितलेलं नसायचंच. पण त्या गडबडीत त्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं राहून जायचं.

माझ्याकडं कुठल्याच देशातून फोन येत नव्हता. म्हणजे कायद्यानं मी सगळ्या पृथ्वीवर बोलायला मोकळा. एवढा अधिकार मोठमोठ्या बादशहांना मिळाला नाही. पण मी तो वापरत नव्हतो. बाकावर जागा हवी तर बाकाचं ऐकावं लागतं.

तर बेटाची सुनावणी चालली होती. मीही माझ्या परीनं बेटाला दोन लाथा घातल्या. गुरुजींनी मात्र अर्धे पोहे तसेच ठेवले, बशी पुसायची विसरून उठले. रोज आम्ही दोघं तिथून मीठा तालाबपर्यंत चालत जायचो. माझ्या दिवसातला बोलण्याचा खरा भाग तेवढाच. त्यातही बोलायचो मी, ते नुसते “हूं” म्हणायचे. पण त्यांचं “हूं” जागेवर पडायचं.

त्या दिवशी तळ्याशी पोचल्यावर ते म्हणाले, “माझ्या मुलीचा पासपोर्टसुद्धा तिच्या मालकाकडंच आहे.”

त्यांची मुलगी नर्स. बँकवाल्यांचा मुलगा ज्या देशात, त्याच देशातल्या एका खाजगी दवाखान्यात. पोचल्याच्या दिवशीच तिचा पासपोर्ट काढून घेतला होता, सगळ्याच मुलींचा घेतात. इकडं तिच्या आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, इंदूरला. डॉक्टरांनी लवकर करा म्हणून बजावलं होतं. आणि आई हट्ट धरून बसली होती, पोरगी आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. पोरीनं रजा मागितली तर मालक म्हणे, करार संपेपर्यंत जाता येणार नाही.

“मग मघाशी बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“त्या देशातून फोन येतो ना,” गुरुजी म्हणाले, आणि थोडं हसलेसुद्धा.

घरी आलो तो पेटूनच. त्यांच्या मुलीचा राग होताच. पण खरं सांगायचं तर राग एकटा नव्हता. किती दिवसांनी कुणीतरी मला एक अशी गोष्ट सांगितली होती, जी पेपरात नव्हती. ती घेऊन मी दिवसभर घरात फिरलो. या खोलीतून त्या खोलीत नेली. हेल्पलाइनला फोनसुद्धा केला नाही. आणि ठरवलं, कायदा मोडायचा. मोडू शकणारा मी एकटाच होतो. माझ्या तोंडामुळं कुणाचा व्हिसा अडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसताबसता मी सुरू केलं. मुलीचं नाव नाही, गुरुजींचं नाव नाही. म्हटलं, “काल बेटाला फाशी दिली, आज पलीकडच्याचं बघू. आखातात काय वेगळं चाललंय? पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतात?”

जलेबी तळणाऱ्यानं झारा थांबवला. लोक म्हणतात टेकरीवरची माकडंही खाली बघायला लागली. लोकांच्या तोंडाला मी हात लावत नाही.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” बँकवाले म्हणाले.

“काल तुम्हीच सांगितलंत. ढोरं आहेत का ती, दावणीला बांधायला.”

“ते बेटाचं होतं. बेटाची गोष्ट वेगळी, भिया. तिथं कायदाच नाही. इथं सेफ्टीसाठी ठेवतात. पोरीबाळी हरवून बसतात कागद, मग रडत दूतावासात कोण जाणार?”

“बेटाच्या मालकानं हेच सांगितलं तर चालेल?”

“त्यांचा देश, त्यांची रीत. आपण कोण बोलणारे?”

“काल तेल बंद करायला निघाला होतात. यांचंही करायचं का?”

मी आता उभा होतो. आवाज कारखान्यातला झाला होता, समोरच्या मेडिकलवाल्यानं शटर अर्धं खाली घेतलं. मी म्हणालो की गुलामी करणारा गरीब असला की राक्षस आणि श्रीमंत असला की शिस्तीचा, हा न्याय कुठला. आणखीही बरंच म्हणालो, चांगलं म्हणालो. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं कमी वाढवून मी कधी बोललो नव्हतो.

बँकवाले माझ्याशी बोललेच नाहीत. ते गुरुजींकडं वळले. “गुरुजी, तुमची मुलगी तिथंच आहे. हे बसले आहेत इथं पोहे खात, ती तिथं राहते. तुम्हीच सांगा. तिला काही त्रास?”

गुरुजींनी बशी पुसली. बाजूला ठेवली.

“नाही,” ते म्हणाले. “छान आहे.”

“ऐकलंत?” बँकवाले म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं झटकून चालू लागले.

गुरुजी मीठा तालाबकडं माझी वाट न बघता निघाले. मी मागून गाठलं. “असं कसं म्हणालात?” मी विचारलं. “मी तुमच्याच बाजूनं बोलत होतो.”

“मी बँकवाल्यांकडं शब्द टाकला होता. त्यांच्या मुलानं येत्या शुक्रवारी तिच्या मालकाला घरी जेवायला बोलावलंय,” ते समोर बघत म्हणाले. “तिची गोष्ट काढणार आहे. ओळख आहे त्याची.”

“हे मला सांगायचं ना काल.”

“सांगणार होतो. तुम्ही बोलत होतात.”

हे खरं होतं. आदल्या दिवशी तळ्यावरून परतताना ते मध्येच थांबले होते, मी त्यांना जगाची गोष्ट सांगत पुढं नेलं होतं. त्यानंतर तळ्यापर्यंत मी एकही शब्द बोललो नाही. देवासच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी बँकवाले समोरच्या कचोरीच्या दुकानात बसलेले दिसले. येणारे-जाणारे दोघं-तिघंही तिकडंच. कचोरी बरी मिळते म्हणे. गुरुजी कुठंच नव्हते. मी बाकाच्या मधोमध बसून पाहिलं, मग एका टोकाला बसून पाहिलं. पेपरात आणखी कुठल्याशा देशाची बातमी होती. वाचली, आणि आता जगातल्या कुठल्याही देशावर मी पाहिजे ते बोलू शकत होतो. पोहेवाल्यानं विचारलं, “काका, जलेबी देऊ?” मी नको म्हणालो, आणि लगेच दे म्हणालो, कारण नको म्हटल्यावर तो दुसरीकडं वळला होता.

गुरुजींच्या गल्लीतून जायला मला काही कारण नव्हतं, तरी ती गल्ली रोज माझ्या वाटेत यायला लागली. दार बंद असायचं. आत बोलणं ऐकू यायचं, दोघांचंच. तेव्हा मी प्रार्थना करत होतो, आणि कुणासाठी ते सांगायला मला लाज नाही: बँकवाल्यांच्या मुलासाठी. माझ्या बोलण्याचा धूर तिकडं पोचू नये, त्या जेवणावर माझी सावलीसुद्धा पडू नये. ज्या देशाला मी भर चौकात धुतलं होतं, त्याच्या एका मालकाला जेवण आवडावं, इतकंच मी टेकरीवरच्या देवीकडं मागत होतो.

मग एका सकाळी त्यांच्या व्हरांड्यात मोठी बॅग दिसली, विमानाची चिठ्ठी अजून लटकलेली. आतून एका तिसऱ्या माणसाचं हसणं आलं. मी फाटकाशी थांबलो. गुरुजी बाहेर आले. फाटकाची कडी त्यांनी काढली नाही, पण हात तिच्यावर ठेवून उभे राहिले.

“आली?” मी म्हणालो.

“आली. परवा ऑपरेशन आहे.”

“पासपोर्ट?”

“रजेपुरता दिलाय. बँकवाल्यांच्या मुलाची कृपा.”

“आणि तिच्याबरोबरच्या बाकीच्या मुली?”

ते रस्त्याकडं वळले. “त्यांचं मला माहीत नाही,” म्हणाले.

मला पुढं पुष्कळ बोलता आलं असतं. एरवी मी याच वाक्याला धरून त्यांना थेट तळ्यापर्यंत नेलं असतं. पण बॅग बघून मला खरंच इतकं बरं वाटलं होतं, की मी नुसता हसलो. वहिनींना सांगा घाबरू नका म्हणालो, इंदूरला रक्त लागलं तर माझं आहे म्हणालो, नाहीतरी पीथमपूरच्या ग्रीसमुळं ते गंजत नाही. गुरुजींनी “हूं” केलं.

“ऑपरेशन होऊ दे,” मी म्हणालो. “मग सकाळी मी इथंच येतो तुम्हाला न्यायला. बाक-बिक राहू दे, आपण दोघं सरळ तळ्याकडं जाऊ.”

“मी आता संध्याकाळी फिरायला जातो,” गुरुजी म्हणाले.