अकरा भांडी आणि जतची राख

बादली मी ओतून दिली, म्हणून हा प्रवास करावा लागला.

माझी पत्नी सुमन भाद्रपदात गेली. वाईला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती तीस वर्षं चाकावर भांडी घडवत होती. बरण्या, वाडगे, पाण्याचे जग. नाव काही झालं नाही. पुण्यातल्या एका प्रदर्शनात तिची भांडी जिन्याखाली मांडली होती. आम्ही दोघं तीन दिवस तिथे बसलो आणि परत आलो.

ती गेल्यावर शेड आवरताना राखाडी पाण्याची एक बादली दिसली. डास होतील म्हणून मी ती मोरीत ओतली. ते तिचं शेवटचं ग्लेझ होतं. भट्टीत वितळून ते भांड्यावर काचेसारखं बसतं. फळीवर तिची शेवटची अकरा भांडी त्यासाठी थांबली होती. एकदा भाजलेली, पण कोरी.

भट्टी लावणं मला येतं. गॅस, तापमान, वेळ मीच लिहीत आलो. ग्लेझ मात्र तिचं. तिच्या वहीत दोन पावडरींची मापं आणि पुढे एवढंच: 'राख चार वाट्या, जतची.' मी शेजारच्या शेतातलं उसाचं पाचट जाळलं, राख तीनदा गाळली, एका तुकड्यावर लावून भाजली. मळकट तपकिरी रंग आला. सुमनचा रंग कृष्णेच्या डोहासारखा हिरवा. अकरा भांडी वाया घालवायची नव्हती. एप्रिलमध्ये पिशवी भरली.

वाईहून सकाळच्या एसटीने सातारा, तिथून कराडमार्गे सांगली. कराडपर्यंत रस्ता उत्तम, पुढे धक्के बसतात. पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा. सांगलीत स्टँडजवळच्या लॉजचे नऊशे रुपये झाले. पंखा वाजतो, पण चादरी स्वच्छ. संध्याकाळी भडंग घेतलं. सुमन दर उन्हाळ्यात जतहून येताना आणायची तेच. ती एकटीच जायची. मला आधी रजा नसायची आणि निवृत्तीनंतर सवय राहिली नव्हती. मी फक्त वाईच्या स्टँडवर राखेचं पोतं उतरवून घ्यायला जायचो.

दुसऱ्या दिवशी मिरज सुटलं तसा ऊस विरळ झाला. कवठे महांकाळनंतर मोकळं माळरान, मेंढरं, टँकर. पाणी बरोबर घ्याच. सुमन जायची त्या वाडीला जतहून वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळतं. सुमनच्या बोलण्यात यायचं ते एकच नाव माझ्याकडे होतं, यल्लव्वा.

"यल्लव्वाकडं?" ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "हिरव्या बरणीवाल्या अक्कांचं कोन तुमी?"

"नवरा."

"मग मागं का बसलाय? म्होरं या की."

यल्लव्वा दारातच भेटली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"अक्का न्हाई आली?"

मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात बी आली न्हाई, तवाच जीवाला लागलं हुतं. चला दाजी, राख करू."

ज्वारी काढून झाली होती. उपटलेल्या धसकटांचा, म्हणजे मुळांसकट खुंटांचा, ढीग शेतात होता. मीही हात लावला. एकेक धसकट आपटून माती झाडू लागलो.

"आवं दाजी, माती झाडू नगा!" ती ओरडलीच. "अक्कानं आमास्नी ह्येच तर शिकवलं. काळी माती जळाया पायजे बरूबर."

"राख मळेल ना."

"मळू दे की! रंग काय आभाळातनं पडतुय? हापिसातलं मानूस, लय टापटीप!"

तीनदा गाळलेली माझी राख आठवली. हातातलं धसकट मातीसकट ढिगावर टाकलं.

ढीग पेटवून दिला. दुपारी भाकरी, शेंगांची चटणी आणि लोणचं. लोणचं सुमनच्या बरणीत होतं. मी बघत राहिलो तशी यल्लव्वा मला घरोघर घेऊन गेली. कुठे मीठ, कुठे तूप, कुठे बियाणं. प्रत्येक घरात एक तरी हिरवी बरणी. राखेच्या बदल्यात सुमन बरण्या देत होती, हे मला माहीतच नव्हतं. एका म्हातारीला म्हटलं, जरा हातात देता? तिनं आधी विचारलं, "हात कोरडं हायत न्हवं?"

"लेक सासरी जाताना ह्यातली एक देतोय आमी," यल्लव्वा म्हणाली. "अथणी, विजापूरपतोर गेल्यात. बरणी न्हाई तर लगीन अर्धं. माझ्या नातीचं म्हैन्यानं हाय. मिळंल न्हवं?"

"मिळेल," मी म्हणालो. त्या वेळी खात्री नव्हती.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काका, काय हाय ह्यात?"

"राख."

त्यानं पाय मागे घेतला. हळूच म्हणाला, "कुनाची ओ?"

"ज्वारीची."

गाडी हसली. मीही हसलो. सात महिन्यांनी.

घरी आल्यावर चार वाट्या मोजल्या, मातीसकट. ग्लेझ कालवून अकरा भांड्यांना लावलं आणि भट्टी लावली. थंड व्हायला दीड दिवस लागतो आणि सुमन कधी घाई करू देत नसे, म्हणून मीही केली नाही. दार उघडलं तर आत डोह होता. अकराही हिरवी. एक वाडगा तळाशी भट्टीतल्या फळीला चिकटला, तो काढताना कपचा उडाला. त्यातून मी रोज ताक पितो.

सगळ्यात मोठी बरणी लग्नाच्या चार दिवस आधी वाडीवर पोचवली आणि मीही थांबलो. मांडवात ती पाटावर, सगळ्यांच्या समोर मांडली होती.

परत आल्यावर सुमनची वही काढली. 'राख चार वाट्या, जतची' याच्यापुढे जागा होती. तिथे लिहिलं: 'धसकटाची. माती झाडू नये.'