फणीकाकूंचा आठवा दिवस

आमच्या गावात ज्या बाईच्या डोक्यावर एकही केस नव्हता, तिच्याच हाताखालून झाडून साऱ्या पोरींचे केस जात. गाव बदनापूरच्या अलीकडचं, राज्य निजामाचं. काकू पंधराव्या वर्षी विधवा झाल्या आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला न्हावी येऊन त्यांचं डोकं भादरून जाई. लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि कमरेला बारीक दातांची लाकडी फणी खोचलेली. म्हणून त्या फणीकाकू.

दुपारी आम्ही त्यांच्या ओट्यावर रांगेनं बसायचो. मांडीवर पांढरं फडकं अंथरून त्या एकेकीचं डोकं त्यावर वाकवत. सीताफळाच्या बिया वाटून केसांना चोपडत. पण आधी डोळ्यांवर घट्ट पट्टी, कारण तो लेप डोळ्यात गेला तर डोळ्याची धडगत नसे. पट्टी सैल करणारीला टपली बसे. मी केली होती एकदा, म्हणून सांगते.

उवा झाल्या म्हणून कुणाच्या आईला घाणेरडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ऊ काय जात इचारून चढती का?" म्हणून फटकारत. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, गोधड्या उन्हात टाकायच्या, हा त्यांचा दंडक. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "आज मेल्या त्या आया. लिखांतून लेकी निघायच्या हायत अजून. आठव्या दिवशी परत यायचं, बराबर!" जी येणार नाही तिला त्या घरातून ओढून आणत.

मी नऊ वर्षांची होते. शाळेत मुली आम्ही तिघीच. एक दिवस मास्तरांचा निरोप आला, पोरींच्या डोक्यात उवा आहेत, डोकी भादरून पाठवा, नाहीतर पाठवू नका. मुलांबद्दल अवाक्षर नाही. आई म्हणाली, राहू द्या ती शाळा. वडिलांना वाटलं, केस काय, परत येतील. त्यांनी न्हाव्याला बोलावलं. मी पाटावर बसून रडत होते, वस्तऱ्याला धार लागत होती, तेवढ्यात काकू आल्या.

"ऊठ गं," त्या मला म्हणाल्या.

"काकू, शाळेचा हुकूम हाय," न्हावी चाचरत बोलला.

"माझं डोकं तुझ्या बापाच्या हातात दिलं, तवा मला कुणी इचारलं न्हाई. हिला मी इचारून राह्यले. पोरी, केस पायजेत का शाळा?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"ऐकलंस?" काकू न्हाव्याला म्हणाल्या. "आन् आजपासून माझ्याकडंबी येऊ नको."

आठव्या दिवसाची फणी फिरली आणि दुसऱ्या सकाळी काकू आम्हा तिघींना घेऊन शाळेत शिरल्या. मास्तरांच्या टेबलावर फडकं अंथरून आमचे केस त्यावर विंचरले. फडकं कोरंच राहिलं.

"आता पोरांच्या टोप्या काढा," काकू म्हणाल्या. "आन् मास्तर, तुमचीबी."

मास्तरांनी टोपी काढली नाही. हुकूम मात्र मागे घेतला.

काकूंना ते महागात पडलं. केस वाढवणाऱ्या विधवेला दिरांनी देवघर बंद केलं, स्वयंपाकघर बंद केलं. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता दिवसभर फणीला मोकळी." मला मात्र त्या दिरांचा आजही राग येतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांना भेटायला गेले. केस खांद्यापर्यंत आले होते, पांढरेशुभ्र. "आज मी विंचरते," म्हणून मी फणी घेतली, तर फडक्यावर टपकन ऊ पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हा पोरींकडूनच गेली असणार ती. काकूंनी ती तळहातावर घेऊन उन्हात निरखली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं, केस हायत म्हणून ऊ हाय!"

मग तिला नखावर चिरडून, सवयीनं म्हणाल्या, "आठव्या दिवशी परत ये, बराबर!"

"काकू, आठव्या दिवशी मी वाटूरला असेन, सासरी."

त्या फणी माझ्या कमरेला खोचून म्हणाल्या, "मंग तिथं ओट्यावर बस. वस्तरा आला तर उठून उभी ऱ्हा."

वाटूरच्या ओट्यावर मी कितीतरी पोरींचे आठवे दिवस केले. काकूंचा तेवढा राहून गेला.