टिंबगुरुजी

अड्याळच्या आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या गुरुजींनी कोणाचीच चूक कधी दुरुस्त करून दिली नाही. जिथे चुकलं, त्या ओळीपुढे समासात ते हिरव्या पेन्सिलीनं एक टिंब द्यायचे आणि वही परत करायचे. चूक आपण शोधायची, आपणच सुधारायची, मग गुण. म्हणून ते टिंबगुरुजी. कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, "मी सुधरवली त समज माही. तू सुधरवली त तुही."

माझ्या घरात पुस्तकं नव्हती. बाबा मजुरांच्या मोर्च्यांची पत्रकं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. हक्कांबद्दल पोटतिडकीनं बोलणाऱ्या त्याच बाबांनी मला आठवीत बजावलं होतं, की नापास झालीस तर शाळा बंद, धानाच्या रोवण्याला यायचं.

वार्षिक परीक्षेत व्याकरणाच्या व्याख्या आल्या. मला एकही पाठ नव्हती. हेडमास्तरांनी नापास ठरवलं. गुरुजींनी वाद घातला नाही. मला ऑफिसात बोलावून त्यांनी कोणाचा तरी न तपासलेला निबंध पुढे ठेवला आणि आपली पेन्सिल हातात दिली. मी नऊ टिंबं दिली. हेडमास्तरांनी तोच निबंध तपासला, त्यांना सातच चुका सापडल्या. उरलेल्या दोन गुरुजींनी बोट ठेवून दाखवल्या.

"सर, पोरगी धानातला कचरा बरोबर निंदते," ते शांतपणे म्हणाले. "तिले कचऱ्याची व्याख्या कायले विचारता?"

मी नववीत गेले.

पुढे मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. छापलेलं प्रत्येक पत्रक गुरुजींना पोस्टानं धाडायची, ते टिंबांसह परत यायचं. एकदा बिनचूक ओळींपुढेही टिंबं दिसली, म्हणून जाब विचारायला गेले. म्हणाले, "एवढी ओरडून कायले राहिली बाई? एकदा सांगतलं तरी आयकू येते लोकाईले."

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी भंडाऱ्याला होते. अड्याळला पोचले, तर त्यांच्या सुनेनं माझं शेवटचं पत्रक हातात ठेवलं. मुलींच्या शाळेबद्दलचं. त्यात एकच टिंब होतं, 'गुरुजींनी मला पास केलं' या ओळीपुढे.

ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भाषेत काही खोट नव्हती. मग ऑफिसात माझ्या हातात दिलेली ती पेन्सिल आणि मी दिलेली नऊ टिंबं आठवली.

पुढच्या छपाईत मी ओळ सुधारली. 'मी पास झाले.'