सुईवाल्या वुदितूची भाची

ताना सरोवराकाठच्या दवाखान्यात वुदितू अठरा वर्षं मुलांचं रक्त काढत होती. हात इतका हलका, की पोरं रडायचीच राहून जायची. तरी गल्लीत तिचं नाव पडलं सुईवाली, आणि ते कौतुकानं नव्हे. काविळीला तिकडे पाखराचा आजार म्हणतात. वटवाघूळ डोक्यावरून गेलं की डोळे पिवळे होतात, आणि अशा पोराला सुई टोचली की ते मरतंच, हे लहानथोर सगळ्यांना पक्कं ठाऊक. वुदितू पोट धरून हसायची. "वटवाघळाला दुसरा उद्योग नाही का गं?"

डॉक्टरांच्या अभ्यासासाठी ती पिवळ्या पडलेल्या मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायची. म्हणून तिला माहीत होतं, की यकृताची नासाडी विषाणूपेक्षा याच पेशी जास्त करतात. शरीराचेच हे शिपाई चोराला धरायला निघतात आणि तो लपला ते घरच पेटवून देतात. बहुतेक मुलांत ते वेळेवर आवरतात. एखाद्यात आवरतच नाहीत.

मंगळवारी सकाळी धाकटी बहीण असनाकेच सहा वर्षांच्या मस्तेवालला पाठीशी बांधून आली. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे.

"किती दिवस झाले?"

"नऊ. वैद्याचा पाला पाजत होते."

"नऊ! अगं, मी चार घरं पलीकडे राहते!"

"तू सुईवाली आहेस, ताई."

वुदितूला असा संताप आला, की बहिणीच्या थोबाडीत द्यावी. पण तेवढ्यात मस्तेवालनं तिच्याकडे बघून "कोंबडी आली" म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले. मावशीला तिनं ओळखलंच नव्हतं.

तिनं रक्त काढलं, कापूस दाबला. कापूस लाल झाला. दुसरा घेतला, तोही भिजला. तपासणीची गरजच नव्हती. यकृत बंद पडत आलं, की रक्त गोठायचं थांबतं.

"बघ," असनाकेच म्हणाली. "सुई लागली नि रक्त थांबेना. सगळे हेच सांगत होते."

वुदितूनं तिसरा कापूस दाबून धरला. सगळ्यांनी हेच तर डोळ्यांनी पाहिलं होतं! पाला पाजून पाजून अखेरीला आणलेलं पोर, सुई, न थांबणारं रक्त, आणि मग पोर गेलं. हे त्यांना नीट बसून समजावायचं सोडून ती अठरा वर्षं हसत राहिली होती. म्हणूनच सख्खी बहीण तिच्यापासून लपली.

डॉक्टर आत डोकावले. "आशा थोडीच आहे. पण रक्त चढवायचं तर गट जुळवायला आणखी एक नळी रक्त लागेल. दुसऱ्या हातातून काढा."

वुदितूनं नवी सुई उचलली. आयुष्यात पहिल्यांदा ती न टोचताच खाली ठेवली.

"माझ्यानं होणार नाही, असनाकेच. मी दुसऱ्या कुणाला बोलावते."

असनाकेचनं स्वतःच मस्तेवालची दुसरी बाही वर सारली आणि तो बारीक हात पुढे धरला.

"दुसरं कुणी नको," ती म्हणाली. "तिला दुखेल."