म्हसोबाच्या वळणावर गाडीने स्वतःच ब्रेक मारला

मित्रहो, माझ्यावर घोर अन्याय झालाय. माझी नवी गाडी मला न विचारता ब्रेक मारते.

याच मॉडेलची माझी जुनी हॅचबॅक तिखट होती. वळणावर अंग टाकायची, ब्रेक पायाला कळायचा. नवी गुमान वळते, पायाला काही सांगत नाही.

आज दुपारी अकोले तालुक्यातल्या घाटात म्हसोबापाशी बायको म्हणाली, "थांबा, नव्या गाडीचा नारळ फोडू."

"ब्रेक चांगलेत, म्हसोबाला कशाला त्रास?" म्हणत मी वळलो.

मोकळ्या रस्त्यावर गाडी कचकन थांबली. स्क्रीनवर माणसाची लाल आकृती होती. काचेपलीकडे कोणीच नव्हतं.

मागचा जीपवाला उतरून आला. "नव्या गाड्या समद्या हितंच थांबत्यात, सायेब. जुन्यांना दिसत न्हाई."

जुन्या गाडीने मी हे वळण वर्षानुवर्षं भरधाव घेतलंय. कुणाच्या अंगावरून, सांगाल?

बायकोच्या मांडीवरचा नारळ उचलला, चालत मागे गेलो आणि मुकाट्याने फोडला.