सुगराबीचं माळढोक

सुगराबीनं उभ्या जन्मात कधी बुरखा घातला नाही. घातला तो साठी उलटल्यावर, आणि तोही एका पाखरासाठी.

सोलापूरबाहेरच्या माळावर माळढोक पक्ष्यांचं केंद्र निघालं, तिथं ती पिल्लं भरवायच्या कामाला लागली होती. त्यातलं हे पिल्लू मोठ्या खटाटोपानं जन्मलेलं. बाप राहिला परराज्यात. त्याचं वीर्य थंड डब्यातून विमानानं आलं आणि केंद्राची डॉक्टर ज्ञानदा, तिनं ते इथल्या मादीत सोडलं. "आमच्या गाईला डॉक्टर इंजेक्शन देतो, तसंच की," म्हणून सुगराबीनं विषय संपवला.

केंद्राचा नियम एकच, पण कडक. पिल्लाला माणूस दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. माणसाची सवय लागलेलं पाखरू माळावर सोडता येत नाही, त्याचा जन्म जाळीतच जातो. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत करडं कापड, हातात माळढोकाच्या तोंडाचं बाहुलं, बाहुल्याच्या चोचीत नाकतोडा, आणि तोंडाला कुलूप. गप्पिष्ट सुगराबीनं ते कुलूप कसं सांभाळलं, तिचं तिलाच ठाऊक.

एका दुपारी सुगराबी आणि ज्ञानदा जाळीबाहेर, झुडपाच्या आडोशाला जेवायला बसल्या. सुगराबीनं भाकरी मोडली, सवयीनं "बिस्मिल्ला" म्हटलं, आणि आतलं पिल्लू धावत येऊन चोच वासून उभं राहिलं.

ज्ञानदाचा घास हातातच राहिला. "चाची, तुम्ही आत बोलता?"

"न्हाय हो." मग सुगराबीच्याच ध्यानात आलं. "घास देताना तेवढं येतंय तोंडात. लेकरं असूंदेत न्हायतर शेळीची करडं, त्याबिगर कुणाला घास दिला न्हाय मी."

ती सवय मोडायला ज्ञानदानं उपाय सुचवला: तो शब्द उच्चारायचा आणि लगेच पत्रा बडवून पिल्लाला घाबरवायचं. सुगराबीनं कानाला हात लावले. "अल्लाच्या नावानं लेकराला भ्या घालू? माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

शेवटी ठरलं ते असं. भरवायचं ते ज्ञानदानं, तोंडातून शब्द न काढता. सुगराबीनं जाळीबाहेर बसायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि आपली भाकरी आपणच खायची. पिल्लाला काही द्यायचं नाही, म्हणजे त्या शब्दामागं घास येत नाही, हे त्याला उमजेल.

पिल्लू यायचं, चोच वासायचं, वाट बघायचं. सुगराबीला भाकरी पाण्याच्या घोटानं ढकलावी लागे. लेकराला दाखवून खाणारी आई जगात आपण एकटीच, असं तिला वाटे. तरी ती रोज येऊन बसे. न बसली तर पिल्लाला जन्मभराची जाळी, हे तिला पक्कं कळलं होतं.

हळूहळू पिल्लू येईनासं झालं. मग ज्ञानदानं परीक्षा ठरवली. कापड न पांघरता, नेसत्या लुगड्यात सुगराबी आत गेली. तळहातावर नाकतोडा ठेवून तिनं मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं. पिल्लानं मान ताठ केली, तिच्याकडं पाहिलं. ते येऊ नये म्हणून ती दुवा मागत होती, आणि एकदाच आलं तर काय बिघडलं, असंही तिच्या मनात येत होतं.

पिल्लू फिरलं आणि गवतात असं पळालं, की ती आत असेपर्यंत पुन्हा दिसलंच नाही.

सुगराबी बाहेर आली. तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"भ्यालं मला," ती म्हणाली. "लई भ्यालं, डॉक्टरबाई. आता सोडा त्याला माळावर."