ओनोसान, बॅले आणि माझी कंबर

माझ्या बायकोसमोर एका परपुरुषाने घट्ट विजार घालून संध्याकाळभर उड्या मारल्या, आणि त्याची तिकिटे मी काढली होती.

याला कारण ओनोसान. ते ऋजुताचे ऑफिसातले सहकारी. वय माझ्याएवढे, पोट माझ्याएवढे नाही. ऋजुता नोकरीसाठी टोकियोत आली, तिच्यामागोमाग मी आलो, आणि टोकियोलगतच्या इचिकावातल्या आमच्या घरात रोज रात्री जेवणाबरोबर ओनोसान वाढले जाऊ लागले. ओनोसान डबा स्वतः करतात. ओनोसान पहाटे धावतात. ओनोसानना बॅले कळतो!

"बॅले प्रत्यक्षच बघायला हवा म्हणे," एकदा ऋजुता म्हणाली.

"कोण म्हणे?" मी विचारले. (उत्तर माहीत होते.)

तिच्या वाढदिवसानिमित्त मी तिकिटे काढली. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी आणि एक पुण्याहून आलेल्या सासूबाईंसाठी. तिला पहिला बॅले दाखवणारा माणूस मी असणार होतो. तिने ही बातमी कौतुकाने ऑफिसात सांगितली, आणि ओनोसाननी तिच्या शेजारची खुर्ची स्वतःसाठी राखून ठेवली!

नाट्यगृहात पोचल्यावर मी दोघांच्या मधे बसायचे ठरवले.

"ऋजुता, इकडे ये. इथून छान दिसतं."

"अरे, एका खुर्चीनं काय फरक पडतो?"

फार फरक पडत होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

दिवे मालवले. मी पुढे झुकून ऋजुताच्या पलीकडे पाहिले. ओनोसान रंगमंचाकडे पाहत होते. थोड्या वेळाने पुन्हा झुकलो. अजून तिकडेच पाहत होते. मला ते संशयास्पद वाटले. जपानी नाट्यगृहात पाठ खुर्चीला टेकूनच बसायचे असते, कारण पुढे झुकणाऱ्यामुळे मागच्याला दिसत नाही. सुरुवातीला तशी सूचनाही झाली होती, पण जपानीतून. पुढच्या खेपेला झुकलो तेव्हा एक तरुणी अंधारात वाकून आली आणि तिने माझ्यापुढे पाटी धरली. पाटीवर पुढे झुकलेल्या माणसाचे चित्र होते आणि त्यावर लाल फुली. चित्रातल्या माणसाला चष्मा होता. मलाही आहे.

मग रंगमंचावर राजपुत्र आला, आणि आपण आजवर चुकीच्या माणसावर पाळत ठेवत होतो, हे माझ्या लक्षात आले. त्याने नायिकेला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि तसाच चालू लागला! ऋजुताने श्वास रोखला. माझ्यासाठी तिने असा श्वास एकदाच रोखला होता, मी गाडी शिकत असताना.

राजपुत्राने नायिकेला खाली ठेवले. संगीत थांबले. टाळ्या सुरू व्हायच्या होत्या. नेमक्या त्या शांततेत सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वन्स मोअर!"

(संगीत नाटकांवर पोसलेल्या बाईंना दुसरे काय सुचणार?) पाटीवाली तरुणी धावत आली. ती थेट माझ्याकडे आली!

मध्यंतरात ऋजुताचा चेहरा उजळला होता.

"कसं उचललं रे त्यानं तिला! जणू पीसच."

"पीसच आहे ती," मी म्हणालो. "तिचं वजन तरी किती असेल?"

"म्हणजे?" ऋजुताने थंडपणे विचारले.

"म्हणजे... काही नाही."

"अगं, त्यांचं काय चुकलं?" सासूबाई मदतीला आल्या. "मिलिंदरावांना परवा तांदळाची पिशवी झेपली नाही. ओनोसाननीच नव्हती का वर आणून दिली?"

ही माहिती त्यांनी ओनोसानकडे बघून, हसत दिली. मराठी कळत नसूनही ते हसले. माझे डोके फिरले.

बाहेरच्या दालनात राजवाड्याचे चित्र लावलेला एक पडदा होता. त्याच्यापुढे उभे राहून लोक फोटो काढून घेत होते. रांग शिस्तीची होती. आमची पाळी आली तेव्हा मी माझा फोन ओनोसानच्या हातात दिला आणि ऋजुताच्या कमरेला हात घातला.

"मिलिंद, काय करतोयस? सोड!"

"फोटो."

"अरे, लोक बघतायत!"

"बघू देत!"

मी जोर लावला. ऋजुता जमिनीपासून किती वर गेली याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. ती गेलीच नाही, असे सासूबाईंचे म्हणणे. माझ्या कमरेत मात्र कट् असा आवाज झाला आणि उसण भरली. ऋजुता सुखरूप बाजूला झाली. मी काटकोनात वाकलेला राहिलो, तोंड रांगेकडे.

रांगेतल्या पहिल्या आजीबाईंना वाटले, फोटोला वेळ लागला म्हणून हा परदेशी गृहस्थ क्षमा मागतो आहे. त्यांनीही वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागच्यांनी केला. समोरचा वाकलेला असताना आपण आधी ताठ व्हायचे नाही, ही तिथली रीत. मला ताठ होता येईना, त्यामुळे त्यांनाही होता येईना! अख्खी रांग माझ्यासाठी वाकून उभी होती आणि मी "आई गं!" एवढेच म्हणू शकत होतो.

"किती नम्र माणसं!" सासूबाई भारावून म्हणाल्या.

शेवटी ओनोसानना परिस्थिती कळली. त्यांनी फोन ऋजुताला दिला, एक हात माझ्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि मला उचलले. धाप नाही, कुरकुर नाही. झुंबरांखालून, संगमरवरी जिना उतरून, त्यांनी मला खालच्या प्रथमोपचाराच्या खोलीत नेले आणि पलंगावर ठेवले. रांग एव्हाना सरळ झाली होती आणि टाळ्या वाजवत होती.

दुसरा अंक सुरू झाला. ओनोसान सासूबाईंना घेऊन आत गेले. ऋजुता माझ्यापाशी थांबली. राजपुत्राला सोडून, ओनोसानना सोडून ती माझ्यापाशी थांबली! मी कृतार्थ झालो. तिने माझ्या कमरेला वेदनाशामक पट्टी चिकटवली.

"रागावलीस?" मी विचारले.

"नाही रे." ती जरा घुटमळली. "कसं वाटलं?"

"दुखतंय अजून."

"ते नाही. त्यांनी उचललं तेव्हा."

मी तिच्याकडे पाहिले. कित्येक महिने जो हेवा मी रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहत होतो, तोच आता तिच्या डोळ्यांत होता. आमच्या घरातल्या एका माणसाला त्या संध्याकाळी नायकाने सर्वांदेखत उचलून नेले होते, आणि दुर्दैवाने तो मी होतो.